महागूचा जबाब

"सगळे बाहेर व्हा," शरदचंद्र म्हणाला.

ठाणेदार आणि बायामाणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली. मरणाऱ्याचा जबाब घेताना खोलीत पोलीस नको, नातलग नको, असा नियम. आणि बालाघाटचे हे जजसाहेब नियमाचे एकदम पक्के. डॉक्टरांनी 'होश में है' एवढा दाखला लिहून दिला आणि ते टाक्यांची तयारी करायला शेजारच्या खोलीत गेले.

खाटेवर महागू होता. खैरलांजीला शरदचंद्रच्या घरच्या शेताला लागूनच त्याची धानाची बांधी. कुऱ्हाडीचा पहिला घाव मान आणि खांद्याच्या मध्ये बसला होता. दुसऱ्याने जबडा फुटला होता. तिसरा अडवायला त्याने डावा हात वर केला असावा, कारण त्या हाताची चार बोटं शेतातच राहिली होती.

त्याला उचलून आणलं मधुकरने, शरदचंद्रच्या थोरल्या भावाने. महागूची बायको मैनाबाई बाहेर अजून त्याच्या पाया पडत होती. "मधुकरभाऊ नसते तं माहा धनी तिथंच सरला असता व माय!" शरदचंद्रला भावाचा अभिमान वाटला. वडील गेल्यावर याच भावाने शाळा सोडून नांगर धरला, म्हणून शरदचंद्रच्या अंगावर काळा कोट चढला होता.

महागूचा आवाज उरला नव्हता. शरदचंद्रने कान त्याच्या तोंडाशी नेला.

"कोणी मारलं?"

"मधुकरभाऊनं."

"आणलं कोणी ते नाही विचारत, महागू. मारलं कोणी?"

"त्यायनंच. मी पाणी वळवलं म्हून. पयला घाव मांगून घातला. मी पडलो, तरी घालूनच राह्यले. धुक्यातून मैना हाका देत आली, तवा कुऱ्हाड नाल्यात फेकली न् मले उचललं." ओठावर रक्ताचा बुडबुडा आला आणि फुटला. "तुमचे भाऊ हायेत. पण तुमी जज हा. ल्याहा."

शरदचंद्रने वर पाहिलं. खिडकीच्या गजांशी मधुकर उभा होता. त्याचं धोतर रक्ताने भिजलं होतं आणि लोक ते पाहून त्याला देवमाणूस म्हणत होते.

शरदचंद्र उठून खिडकीशी गेला. "दादा, तू?"

"राग आला, शरद. हात थांबला नाही." मधुकरचा आवाज दबका होता, पण त्यात भीती नव्हती. "बाई आली, उचलनंच पडलं. पण तू हायेस म्हून इथं आणलं त्याले. दुसऱ्या कोणापाशी नेलं असतं का मी?"

"दादा, मी..."

"लिहाचं थे लिही. मले फाशी होईन. आईले मात्र तूच सांगजो."

शरदचंद्र परत खाटेशी येऊन बसला. आठ वर्षांच्या नोकरीत त्याने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. आता मन वकिली करत होतं. माणूस तर जाणारच आहे. त्याला वाचता येत नाही. गेलेला काही परत येत नाही, मग राहिलेल्याला का घालवायचं? त्याने लिहिलं, 'पहाटेच्या धुक्यात मारणाऱ्याचं तोंड दिसलं नाही.'

नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवावा लागतो. तो महागूच्या कानाशी वाकला आणि कागदावर नजर ठेवून त्याने महागूचे बोल जसेच्या तसे म्हणून दाखवले. पाणी, मागून घाव, नाला, मधुकरचं नाव. त्यातलं एकही अक्षर कागदावर नव्हतं.

"हौ," महागू पुटपुटला. "बराबर हाय." त्याने उजवा अंगठा स्वतःच पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की शरदचंद्रला ते पाहवेना.

डॉक्टर आले. त्यांनी टाके घातले, जबडा डोक्यापर्यंत पट्ट्यांनी करकचून बांधला, बराच वेळ नाडी धरून ठेवली आणि मग चक्क हसले. "बड़ा सख्त आदमी है, साहब। खून रुक गया। नागपुर पहुँच गया तो बच जाएगा।"

शरदचंद्रने हातातल्या कागदाकडे पाहिलं. दवाखान्याची गाडी सकाळीच बिरशाला गेली होती. कोणी काही बोलायच्या आत मधुकर दारात आला.

"माही जीप हाये ना. मी नेतो."

मैनाबाईने पुन्हा त्याचे पाय धरले. ती बरोबर निघाली, तसं तो म्हणाला, "तू मांगून बसगाडीनं ये, बाई. याले आडवं निजवा लागते, जागा नाही." तिला ते पटलं. ठाणेदारालाही पटलं. जबाब तर झालाच होता.

स्ट्रेचर जीपमागे आणलं. महागूने डोळे उघडले. डोक्याशी मधुकर वाकला होता, जीपचा पडदा वर करत. महागूचं सगळं अंग ताठ झालं. पट्ट्यांच्या आत घशातून घरघर निघाली, शब्द फुटेना. मग धड उरलेल्या हाताने त्याने शेजारी उभ्या शरदचंद्रचं मनगट पकडलं. मेलेल्यात जमा धरलेल्या माणसाच्या हातात एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. तो शरदचंद्रकडे बघत होता. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द बोलू शकणारा एकच माणूस तिथे होता.

"उशीर होऊन राह्यला, शरद," मधुकर म्हणाला.

"सोडा ना जी आता साहेबायले," मैनाबाईने नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "काहून भेता? मधुकरभाऊ हायेत ना संग."

महागूने पकड सोडली नाही. शरदचंद्रने खाली मान घातली आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली.