मौनातला होकार

सोमवारी दुपारपर्यंत मौन, हा कुमुदकाकूंचा जुना नेम. सकाळी पूजा चालली असताना दारावरच्या मतयंत्रानं रोजच्यासारखं विचारलं, "आज कारखान्याची धुरांडी उघडायची का? बोलून मत द्या. गप्प राहणाऱ्यांचा होकार धरला जाईल."

एरवी काकू ठणकावून "नाही" म्हणत. आज मात्र त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि पिंडीवर बेल वाहिला. एका शब्दासाठी देवाचं कशाला मोडायचं?

थोड्याच वेळात आभाळ काळवंडलं. शेजारची रेवती लेकीला कडेवर घेऊन धावत आली. पोरीची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"काकू, तुमचं वाफेचं मशीन द्या, आमचं बिघडलंय! एका मतानं हरलो बघा. कोण मेलं मूग गिळून बसलं होतं, देव जाणे!" मग तिनं जीभ चावली. "अगं बाई, आज तुमचं मौन ना? बोलू नका, नुसतं दाखवा कुठंय ते."

काकूंनी पोरीला मांडीवर घेऊन वाफ दिली. गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं.

"मीच गं ती," त्या म्हणाल्या.

रेवतीनं लेकीला काकूंच्या मांडीवरून हलकेच उचलून घेतलं.