मजल्याचे गज

"फोन खाली धर की! खडी दिसंना," रामहरी मिस्त्री ओरडला.

दिग्विजयने फोन खाली केला. कॅनडातल्या त्याच्या घरापुढची वाट पडद्यावर आली. रस्त्यापासून गाडीच्या खोलीपर्यंत गुडघाभर खणलेली, तळाला खडी दाबून बसवलेली. रामहरीचे डोळे लकाकले. त्याचा उभा जन्म सोलापुरात लोकांचे स्लॅब ओतण्यात गेला होता. ज्या पोराने कधी थापीला हात लावला नाही, ते आज आपण होऊन बापाशी काँक्रीटचं बोलत होतं. म्हातारा नुसता फुलून गेला.

वच्छला शेजारी कपडे वाळत घालत होती. घरात रेंज धड मिळत नसे, म्हणून पोराचा फोन आला की दोघं गच्चीवर यायची. गच्चीच्या कडेने वरच्या मजल्याचे गज उभे होते, पुरुषभर उंच. तो मजला दिग्विजयचा. तो परत आला की चढवायचा, हे घर बांधतानाच ठरलं होतं. तोवर वच्छलाने गजांना दोरी बांधली होती. आणि दर साली पावसाळ्याआधी रामहरी बादलीत सिमेंट कालवायचा आणि एकेका गजाला बुडापासून शेंड्यापर्यंत लेप द्यायचा.

"मिस्त्री, गजांला हळद लावायलाव का?" शेजारी चेष्टा करायचे.

रामहरी खाली मान घालून लेप देत राहायचा. वच्छलाच तोंड उघडायची. "गंजू नयेत म्हणून. पोरगं यायचंय आमचं." ते सांगताना तिला कोण आनंद व्हायचा!

"पण एवढं खोल कशाला रे खणलंय?" रामहरीने फोनमध्ये विचारलं.

"थंडी, अप्पा. फटीत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि सगळा ड्राइव्हवे उचलून टाकतं. म्हणून खाली खडी, वर उतार. आणि काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा घालतात. बारीक बुडबुडे. बर्फाला फुगायला जागा पाहिजे ना."

"हवा!" रामहरीने कपाळावर हात मारला. "आमी जलमभर ठोकून ठोकून हवा काढायची, आन् तुमी मुद्दाम घालायची व्हय?"

बापलेक खो खो हसले. वच्छलाही हसली. दोघं इतकं मोकळं बोलताना तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याच खुशीत, हातातली चादर झटकत, तिने सहज विचारलं.

"आरं, पण तू तर येणारच हाईस की. मग त्या वाटेवर एवढा जीव कशाला काढायलास?"

"कंत्राटदाराने दोन प्रकार सांगितले होते, आई. एक साधा. चार-पाच हिवाळे निघाले असते. आणि दुसरा हा, पक्का."

"ह्यो किती निघंल?"

"हा? तीस हिवाळे बघायचं काम नाही!"

मोठ्या ऐटीत बोलून गेला पोरगा, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. फोन हलला. खडी दिसली, आभाळ दिसलं, कुणाचे तरी बूट दिसले. "म्हणजे, तो कंत्राटदार म्हणतो तसं... ठेवतो आई. जेवायचं राहिलंय."

पडदा काळा झाला. तीस हिवाळ्यांनंतर दिग्विजय म्हातारा झालेला असेल आणि आपण दोघं नसू, एवढा हिशोब वच्छलाला शाळेत न जाताही जमला. रागही आला नाही तिला. येत नाही म्हणाला असता तर ती भांडली असती, रडली असती. पण तो दर दिवाळीला "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचा आणि ती तेवढ्यावर वर्ष काढायची. आता वर्ष काढायला तेवढंही राहिलं नव्हतं.

तिने चादर पुन्हा बादलीत टाकली. दोरीवरचे बाकीचे कपडे काढले. मग गाठ सोडायला लागली.

"बिभीषणला बोलवा," ती म्हणाली. "गज कापून टाकायचे."

तिला वाटलं, आता हा खवळेल. खुळी झालीस का म्हणेल. एक फरशी वाकडी बसली तर गवंड्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढणारा माणूस. पण तसं काही झालं नाही. रामहरीने सरळ बिभीषणला फोन लावला, आणि तिला ते फार लागलं.

बिभीषण लोखंडकाम करायचा. अर्धं आयुष्य रामहरीच्या कामांवर गेलेला गडी. दुपारी तो ग्राइंडर घेऊन गच्चीवर आला. कुठून कापायचं ते बघायला त्याने पहिल्या गजाच्या बुडावर हातोडी मारली. सिमेंटचा लेप खळकन गळून पडला. आत लोखंडाचे नुसते पापुद्रे होते. बिभीषणने गज धरून ओढला तर तो बुडातून मोडून हातातच आला. दुसराही तसाच. ग्राइंडरची वायर गुंडाळलेलीच राहिली.

"मिस्त्री, हे तर कवाच मेलेत की!" तो म्हणाला. "ह्यांच्यावर मजला कुटला चढतुय? एवढी वर्सं वरनं लेप देत बसलाव, आन् तुमच्यासारख्या माणसाला आतलं कळलं न्हाई व्हय?"

"कळलं हुतं की," रामहरी म्हणाला. "लई वर्सं झाली."

वच्छलाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या हातात अजून ती सोडलेली दोरी होती.

"मग गंजू नये म्हणून दर साली लेप कशाला देत हुता?"

रामहरीने मोडका गज बिभीषणच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला.

"गंजू नये म्हणून न्हवतो देत," तो म्हणाला. "गंजल्यालं तुला दिसू नये म्हणून देत हुतो."