दुखणं दोन

"आईंचं दुखणं शून्य ते दहात किती?" फॉर्मवर पेन टेकवून संशोधक बाईंनी विचारलं. आई आता बोलत नव्हती, म्हणून घरच्यांना विचारायचं.

"दोन," चहाचा घोट घेत थोरला म्हणाला. तो कालच आला होता आणि आज संध्याकाळी परत निघणार होता. तरी 'मुख्य काळजी घेणारी व्यक्ती' या रकान्यात त्यानं स्वतःचंच नाव ठोकून दिलं होतं.

बादलीत फडकं पिळणाऱ्या धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन! जसा काही आईच्या पायात काटा रुतलाय.

बाईंनी 'दोन' लिहिलं. "हा अभ्यास शेवटच्या आजारातल्या वेदनांवर आहे. आकडा पाचाच्या वर असला, तर उद्यापासून आमची नर्स घरी येते, मॉर्फिन सुरू होतं. दोन असेल तर महिन्यानं पुन्हा विचारतो."

महिना कुणी पाहिलाय!

"दादा, नऊ सांग," धाकटी म्हणाली.

"उगाच वाढवून कशाला सांगायचं? आमची आई खंबीर आहे हो. आम्हा दोघांच्या जन्माच्या वेळी हूं की चूं केलं नाही तिनं. आतासुद्धा बघा, कण्हते तरी का?" त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. आई भिंतीकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून पडली होती.

"कूस कोण बदलतं?" बाईंनी पुढचा प्रश्न वाचला.

"आम्हीच. सगळे मिळून."

धाकटीनं फडकं बादलीत आपटलं. थोरल्याच्या पँटवर पाणी उडालं.

"मग ऊठ. वेळ झालीच आहे. मी पाठ धरते, तू खांदे धर. हळू."

कपातला चहा तसाच ठेवून तो उठला. दोघांनी मिळून आईला वळवलं. आईच्या तोंडून आवाज आला नाही. नुसता तिचा हात वर आला आणि बोटं थोरल्याच्या कोपराखाली रुतली.

"आई गं!" थोरला केवढ्यानं ओरडला.

त्यानं हात सोडवून घेतला. आईची नखं कापलेली होती, तरी चार लाल खुणा उमटल्या होत्या. बाईंची नजर धाकटीच्या वर सारलेल्या बाहीकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत तशाच खुणा होत्या. काही खपली धरलेल्या, काही आजच्या.

"आता सांग आकडा," धाकटी म्हणाली. "तुझा नको. तिचा."