पहिल्या नारळाचा मान

चार गावांनी मिळून जांभूळरसाचा कारखाना काढला, तेव्हा द्वारकाकाकूने हिशेब मांडला: व्यापाऱ्याच्या दुप्पट भाव मिळणार. म्हणून उद्घाटनाच्या सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो तिने रिकामाच परतवला आणि ती आठ टोपल्या जांभळं घेऊन कारखान्याच्या दारात बसली.

पण पहिला नारळ कुणी फोडायचा?

"मान आमचा, जागा आमची!" एका गावचा सरपंच गरजला.

"मग पाणी सासरवाडीहून आणणार काय? विहीर आमची!" दुसरा उसळला.

चारही सरपंच हटून बसले. उद्घाटन आठवडाभर पुढे गेलं. एकमेकांवर भरवसा नाही म्हणून दाराला चार कुलपं लागली.

"अरे मेल्यांनो, जांभळं उद्यापर्यंत नासतील!"

"काकू, जरा चार गावांचा विचार करा," म्हणत चौघं एकाच गाडीतून मटण खायला गेले.

दुसऱ्या दिवशी काकू आंबलेली, माश्या बसलेली जांभळं त्या दारातच ओतून पचकन थुंकली. चार गावांचा मान शाबूत राहिला. किंमत एकट्या काकूने मोजली.