दुसरी प्रतिमा

दुपारी साडेतीनला वेधशाळेचे संचालक डॉ. खांबेटे नियंत्रण कक्षात आले, तेव्हा निर्मला भोईटे पडद्यासमोरून हलल्या नव्हत्या. जेवणाचा डबा तसाच बंद होता.

"मॅडम, अवकाशातली दुर्बीण सोडा आता. पुढचा गट खोळंबलाय."

वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे पडद्यावरच्या एका दूरच्या ग्रहाचा प्रकाश दोन वाटांनी पृथ्वीवर पोचत होता. जवळच्या वाटेने आलेल्या प्रतिमेत अठरा दिवसांपूर्वी तिथल्या शहरांचे दिवे एकेक करत विझले होते. लांबच्या वाटेने अठरा दिवस उशिरा पोचणाऱ्या प्रतिमेत ते अजून चालू होते. आज चारच्या सुमाराला तेही विझणार होते.

"सगळी नोंद आहे आपल्याकडे. नवीन काय दिसणार?"

"काहीच नाही."

"आणि हे घडून अब्जावधी वर्षं झालीत."

"माहितीय, सर. पण पहिल्या वेळी यंत्र बिघडलंय म्हणून आपण सगळे वायरी तपासत बसलो. त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं."

खांबेट्यांनी पुढच्या गटाला फोन करून थांबायला सांगितलं. मग खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

चारला पाच कमी असताना उत्तरेकडचं पहिलं शहर विझलं. या वेळी कुणीही यंत्राला हात लावला नाही.