दुआच्या दवाखान्याचा पत्ता

“पत्ता दिल्याशिवाय औषधं निघणार नाहीत, डॉक्टर,” हारुन म्हणाला, आणि टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

समोरच्या पडद्यावर डॉक्टर दुआचा चेहरा होता. लाइन खराब असल्यामुळे तो मधूनच थिजायचा. ती वेढा पडलेल्या शहरात होती आणि हे सगळे दुबईतल्या गार ऑफिसात. युद्धात सापडलेल्या त्या मुलखात पाच-सहा संस्था मिळून औषधं पोचवत होत्या. त्यांची मोट बांधून ठेवणारा माणूस म्हणजे हारुन परकार, मूळचा हर्णैचा. एका संस्थेला ट्रकवर आपलं नाव मोठं हवं असायचं, दुसरीला तिसरीचं तोंड बघायचं नसायचं. हारुन सगळ्यांना चुचकारून एका खोलीत आणायचा.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं आणि ती हारुननंच सुचवली होती. ज्या दवाखान्याला औषधं हवीत त्यानं आपलं नेमकं ठिकाण कळवायचं, छपरावर लाल चंद्रकोर, तिकडची दवाखान्याची खूण, रंगवायची. हारुन ते ठिकाण लढणाऱ्या दोन्ही सैन्यांना कळवणार, म्हणजे तिथं बॉम्ब पडणार नाही. दोन्ही सैन्यांनी ते कबूल केलं होतं. एकेक करून सगळे दवाखाने तयार झाले. दुआ तेवढी अडून बसली होती.

ती पुण्यात शिकून डॉक्टर झालेली. घरमालकिणीकडून उचललेलं मराठी ती हारुनशी हट्टानं बोलायची.

“हारुनभाई, विमानं ज्यांची, त्यांनाच माझा पत्ता देणार तुम्ही?”

“त्यांना माहीत असेल तरच ते टाळतील ना.”

“तुमचा विश्वास आहे?”

“आहे,” हारुन म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. त्याचा खरोखरच होता.

सगळ्यात मोठ्या संस्थेची इशिता शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, “सर, एक्सेप्शन नको हां. एकीला सोडलं तर उद्या सगळे तेच मागतील.”

हारुननं आवाज मऊ केला. “तुमचं इन्सुलिन इथं दुबईत, रास अल खोरच्या गोदामात पडून आहे, डॉक्टर. तुमच्याकडे लहान मुलं आहेत. त्यांचा तरी विचार करा.”

मुलांचं नाव काढून आपण तिचा हात पिरगळतोय, हे त्याला कळत होतं. पण तिच्या भल्यासाठीच ना, असंही वाटत होतं.

पडद्यावर दुआचा चेहरा थिजला. लाइन पुन्हा गेली की काय, असं त्याला वाटलं. मग ती म्हणाली, “ठीक. पाठवते.”

ठिकाण आलं. उपग्रहाच्या फोटोत छपरावरची ताजी लाल चंद्रकोर स्पष्ट दिसली. हारुननं दोन्ही सैन्यांना कळवलं आणि ट्रक सोडला. शहराच्या वेशीवर दुआची माणसं हातगाड्या घेऊन येणार होती. तशी ती आली आणि खोके घेऊन गेली. ऑफिसात कुणीतरी अरबीत “खलास!”, म्हणजे झालं काम, म्हणून टाळी वाजवली.

पुढच्याच आठवड्यात हारुन गोदामात उभा राहून नवे खोके चढवून घेत होता, तेव्हा इशिताचा फोन आला.

“सर, दुआचा दवाखाना गेला. डायरेक्ट हिट.”

नव्या फोटोत चंद्रकोरीचं एक टोक तेवढं उरलं होतं. बाकी खड्डा. हारुन तिथंच एका खोक्यावर बसला. तो दुआचा नंबर लावत राहिला. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. शोकसंदेशाखाली कोणत्या संस्थेचं नाव आधी, यावरून वाद झाला. दोन्ही सैन्यांकडून एकसारखंच उत्तर आलं होतं, चौकशी करू. “निदान आपण नियमानं वागलो, सर,” इशिता म्हणाली. बिचारी त्याला धीरच देत होती. ते ऐकून हारुनला क्षणभर हलकं वाटलं आणि मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली.

हातात होतं ते त्यानं केलं. उरलेल्या सगळ्या दवाखान्यांची ठिकाणं स्वतः बसून तपासली, ठळक अक्षरांत केली आणि दोन्ही सैन्यांना नव्यानं पाठवली. पुन्हा कुणाची चूक व्हायला नको.

संध्याकाळी घरी जाताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. अनोळखी नंबरवरून फोन आला.

“हारुनभाई, दुआ बोलते.”

त्यानं करकचून ब्रेक दाबला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

“या अल्ला! डॉक्टर, तुम्ही वाचलात कशा? कुठून निघालात बाहेर?”

“कुठून निघणार? दवाखान्यातच आहे मी. इन्सुलिन मिळालं. मुलं बरी आहेत. फोन बंद होते इथले, आज लागला.”

“मग तो बॉम्ब?”

“शाळेवर पडला. कुलूप होतं शाळेला, आसपासची घरं कधीच रिकामी झालीत. चंद्रकोर आम्ही तिच्या छपरावर काढली. तुम्हाला तोच पत्ता दिला.” तिच्या आवाजात राग नव्हता. “औषध तर पाहिजे होतं ना, हारुनभाई. आणि बघायचं पण होतं, पत्ता कळल्यावर ते टाळतात की नेम धरतात.”

हारुनला रडू आलं आणि त्यातच हसूही फुटलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हणाला, “बरं केलंत. मला फसवलंत ते फार, फार बरं केलंत, डॉक्टर.”



“बाकीच्या दवाखान्यांनी तुम्हाला खरे पत्ते दिलेत ना, हारुनभाई?”