शेजारघरची किल्ली

दिवाळी सरली की गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जायची आणि गल्लीतल्या साऱ्या किल्ल्या भागूबाईच्या कंबरेला लागायच्या. सुन्या गल्लीत मग त्या जुडग्याचाच काय तो आवाज. यंदा मात्र शेजारच्या राजेश्वरीनं किल्ली समोरच्या कौसाबाईला दिली. कौसाबाईनं ती पदराला अशी मिरवत बांधली, की भागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मिरव, मिरव," ती पुटपुटली, "शेळी सांभाळता येत न्हाई, किल्ली काय सांभाळनार!" तेवढ्यात ऊसतोडीला निघालेला ट्रक थांबला. राजेश्वरी खाली उतरली आणि तिनं दोन वर्षांची झोपलेली लेक भागूबाईच्या खांद्यावर टाकली. "मावशी, थंडीत पालावर हिचे हाल व्हत्याल. कुलूप कुनीबी सांभाळंल, पर हिला तुमीच." ट्रक पाथर्डीच्या रस्त्याला लागला. पोरीला छातीशी धरून भागूबाई तडक कौसाबाईच्या दारात गेली. "आन ती किल्ली. पोरीची गोधडी आत ऱ्हायलीय."